बायकोचा श्वास मोजणं कसं थांबवू? (भीती, श्रद्धा आणि देवाचं प्रेम)

उंबरठा (धागाकर्ता)

नेहमी वाचनमात्र असतो. पहिलाच धागा आहे, विस्कळीत झाला तर सांभाळून घ्या.

अडीच वर्षांपूर्वी बायकोच्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं रीतसर पार पडलं. नंतरच्या तिन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. ती कामावर जाते, माझ्याशी पूर्वीसारखी भांडते. म्हणजे ती बरी आहे. बरा नाही तो मी.

रात्री दोन-अडीचला जाग येते. सगळ्यात आधी तिच्या नाकापाशी बोट धरतो. ऊब लागली की श्वास मोजायला घेतो. वीस झाले की कूस बदलतो, आणि मग वाटतं की मधले दोन-तीन नीट मोजले नाहीत. पुन्हा एकपासून. एकदा ती जागीच होती. डोळे न उघडता म्हणाली, "जिवंत आहे. झोप."

दोघंही हसलो. मला मात्र त्यानंतर झोप लागली नाही.

आता मूळ मुद्दा. मी ख्रिस्ती घरात वाढलो, विश्वास आहे, प्रार्थना रोज करतो. पण त्या प्रार्थनेचं काय होऊन बसलंय ते इथेच पहिल्यांदा लिहितोय. सुरुवातीला दोन वाक्यं असायची. मग त्यात तिची हाडं आली, यकृत आलं, फुप्फुसं आली, मेंदू आला. हा आजार पसरलाच तर कुठे कुठे जातो ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीच यादी मी देवापुढे वाचतो. क्रम चुकला किंवा मध्येच भलता विचार आला तर पहिल्यापासून सुरुवात. चाळीस-चाळीस मिनिटं जातात. मागच्या महिन्यात एका रात्री यकृतापर्यंत आलो आणि डोळा लागला. सकाळी उठलो तो घामाने निथळत. वाटलं, आता काही झालं तर ते माझ्यामुळे.

"पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे वचन लहानपणापासून पाठ आहे. मग माझी भीती का जात नाही? माझं प्रेम अपुरं आहे की विश्वास? पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारायची लाज वाटते. इथे मला कुणी ओळखत नाही.

---

दवबिंदू

सगळं देवावर सोडून द्या दादा. तो सगळं चांगलंच करतो. बायबलमध्ये "भिऊ नको" हे शब्द बरोबर ३६५ वेळा आले आहेत, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक! 🙏

---

अनुस्वार

दवबिंदू, भावना पोचल्या, पण ३६५ चा हिशेब जुळत नाही. हे फॉरवर्ड दर वर्षी फिरतं. मोजायला बसलात तर भाषांतराप्रमाणे आकडा बदलतो आणि ३६५ च्या बराच अलीकडे थांबतो. जे आहे तेही पुष्कळ आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

अवांतर: धागाकर्त्याने दिलेल्या वचनाचा पुढचा भाग जुन्या मराठी भाषांतरात "कारण भीतीमध्ये शासन आहे" असा आहे. लहानपणी मला वाटायचं की भीतीत सरकार कुठून आलं? इथे शासन म्हणजे शिक्षा.

---

कुंपण

स्पष्ट लिहितो, राग नको. ज्याची श्रद्धा पक्की असते त्याला भीती शिवतच नाही. भीती वाटते याचा अर्थ कुठेतरी पाणी मुरतंय. आत्मपरीक्षण करा.

---

रात्रपाळी

कुंपण, बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम वाचून दाखवण्यातला प्रकार झाला हा. आता ड्यूटीवर आहे, सकाळी सविस्तर लिहिते.

---

जुनी_वही

उंबरठा, तुम्हाला अहोजाहो करते आहे, पण वयाने तुमच्या आईएवढी असेन. तीस-एक वर्षं मुलांना शास्त्रपाठ शिकवला, त्यामुळे थोडं लांबेल.

ज्या वचनाने तुम्ही स्वतःला बडवताय ते कुठून आलंय ते आधी पाहा. योहानाचं पहिलं पत्र, ४था अध्याय, १८वी ओवी. तिच्या लगेच आधी, १७व्या ओवीत, विषय आहे न्यायाच्या दिवसाचा. म्हणजे इथली भीती कुठली? देव मला धरणार, माझा हिशेब काढणार, मला शिक्षा करणार, ही. अनुस्वार यांनी 'शासन' शब्दावर बोट ठेवलं ते बरं झालं, कारण सगळं त्याच शब्दात आहे. मूळ ग्रीक शब्द 'कोलासिस', म्हणजे शिक्षाच. योहान असं म्हणत नाही की देवावर प्रेम करणाऱ्याला सापाची, आजाराची, बायको जाण्याची भीती वाटणार नाही. प्रेम जिथे पुरतं पोचलंय तिथे "हा मला शिक्षा करील" ही भीती टिकत नाही, एवढंच तो म्हणतो.

आता तुमची सकाळ आठवा. घाम का आला? आजार परत उलटेल म्हणून? तुम्हीच लिहिलंय की यादी अर्धी राहिली, आता काही झालं तर ते माझ्यामुळे. म्हणजे तुम्हाला आजाराची भीती आहेच, पण तिच्या पाठीमागे दुसरी एक उभी आहे. ती देवाची आहे. तुमचा देव यकृतापाशी झोप लागली म्हणून तुमच्या बायकोवर सूड उगवणारा आहे. या दुसऱ्या भीतीबद्दल योहान बोलतोय.

आणि १९वी ओवी लोक वाचतच नाहीत. आधी त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. ती 'पूर्ण प्रीती' तुम्ही रोज रात्री चाळीस मिनिटं बसून तयार करायची नाहीये. ती तुमच्याकडून निघत नाही, तुमच्याकडे येते. तुमचं प्रेम अपुरं आहेच. माझंही आहे. त्याने काही अडत नाही.

कुंपण यांना एकच विचारते. येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की मी तुमच्याकडे अशक्तपणात, भीत भीत, थरथरत आलो. दुसऱ्या पत्रात पुन्हा, बाहेर झगडे आणि आत भीती. याचंही पाणी मुरत होतं का?

---

कुंपण

पौलाचं माहीत नव्हतं. शब्द कठोर झाले, मागे घेतो.

---

तर्कट

मी निरीश्वरवादी, त्यामुळे या धाग्यावर माझं काम नाही हे मान्य. तरी एक निरीक्षण नोंदवून जातो.

उंबरठा, ठरलेल्या वेळी, ठरलेली यादी, एक नाव राहिलं तर घरच्या माणसाचं बरंवाईट होईल. याला प्रार्थना म्हणत नाहीत हो, याला हप्ता म्हणतात. आणि हप्ता माणूस गुंडाला देतो.

मी देव मानत नाही, पण तुम्ही मानता तो असा असेल तर मी न मानलेलाच बरा.

---

उंबरठा

तर्कट, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो. राग आला नाही. हप्ताच आहे तो.

जुनी_वही मावशी (म्हणू ना?), माझ्या आजीच्या बोलण्यात देव नेहमी 'बघतोय' असायचा. खोटं बोललास, देव बघतोय. उष्टं टाकलंस, देव बघतोय. प्रेमाने बघत असेल, हे डोक्यातच आलं नाही कधी. बायकोचा आजार निघाला त्या दिवशी मनात आलेला पहिला विचार, "मी काय केलं होतं?" हा होता.

---

अनुस्वार

'बघणे' या क्रियापदाचं दुर्दैव आहे खरं. "बघून घेईन" ही धमकी आणि "बाळाला बघतेस का जरा?" ही माया, क्रियापद तेच.

मराठी बायबलात परमेश्वराचं 'भय' हा ज्ञानाचा आरंभ आहे, असं नीतिसूत्रांत येतं. तिथला हिब्रू शब्द 'यिरा' भीती आणि भक्तिभाव दोन्ही पोटात घेऊन चालतो. समुद्रापुढे किंवा खूप मोठ्या आकाशाखाली माणूस गप्प होतो, ते गप्प होणं त्यात आहे. आपल्याकडे भय, भीती, धाक, दरारा, धास्ती, वचक असे डझनभर शब्द आहेत, पण त्या गप्प होण्याला नेमका एक नाही. म्हणून 'भय' वापरलं गेलं आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी त्यातला धाक तेवढा उचलला.

---

रात्रपाळी

घरी आले. चहा घेतला. आता लिहिते.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, बरीच वर्षं. त्यातल्या बहुतेक रात्रीच. आधी रुक्ष भाग.

उंबरठा, मोठा आजार होऊन गेल्यावर तो परत उलटेल ही भीती रुग्णाला असते तशी सोबतच्या माणसालाही असते. कधी कधी त्याला जास्त, कारण रुग्णाला निदान उपचार चालू असतात. त्यात विचित्र काही नाही. पण बोट धरून बघणं, मोजणं, चुकलं की पुन्हा मोजणं, प्रार्थनेचा क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून, हे जे तुम्ही सांगताय त्यावर मानसोपचारतज्ज्ञाने नजर टाकायला हवी. निदान मी करत नाही, ते माझं काम नाही. मात्र हे चक्र ओळखीचं आहे. खात्री केली की मिनिटभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानेच मेंदू शिकतो की खात्री केली म्हणून संकट टळलं. पुढच्या वेळी तो आणखी जोराने मागतो. याच्यावर चांगले उपचार आहेत. खात्री न करता ती अस्वस्थता हळूहळू सोसायला शिकवतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण लागू पडतं. देवावर विश्वास असणाऱ्याने डॉक्टरकडे जाऊ नये असं कुठल्या ग्रंथात लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

छातीत धडधड सुरू झाली तर ती अनंतकाळ वाढत जात नाही हे लक्षात असू द्या. साधारण १० मिनिटांत टोक गाठते आणि उतरायला लागते. तोवर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. तिचा मोजण्यापेक्षा स्वतःचा मोजा.

आता दुसरा भाग, जो मी कामावर कुणाशी बोलत नाही. रात्री तीनच्या सुमारास रुग्ण प्रश्न विचारतात. मला आधी वाटायचं ते "मी वाचेन ना?" असं विचारतील. फार कमी जण तसं विचारतात. बहुतेकांचा प्रश्न असतो, "सिस्टर, तुम्ही इथेच आहात ना?" एक आजोबा दर वीस मिनिटांनी विचारायचे. मी औषध काढत असायचे, पाठमोरी. "आहे हो आजोबा." एवढ्यावर ते डोळे मिटायचे. माझ्या असण्याने त्यांच्या हृदयाचे ठोके सुधारणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मला धर्मातलं फारसं कळत नाही. पण देवाच्या प्रेमाने भीती जाते म्हणजे काय असेल याचा विचार करते तेव्हा मला ते पाठमोरं "आहे हो" आठवतं.

---

निरंजन७

रात्रपाळीताई, काय लिहिलंत. वाचनखूण साठवली.

मी वेगळ्या बाजूने येतो. बृहदारण्यक उपनिषदात आरंभीचा पुरुष एकटा असतो आणि चक्क घाबरतो. मग विचार करतो की माझ्यावाचून दुसरं कुणी नाहीच, तर मी भितो कुणाला? आणि त्याची भीती जाते. निष्कर्ष असा की भय दुसऱ्यापासून येतं. तैत्तिरीयातही तेच, जरासं अंतर पडलं की भय आलंच. ज्ञानमार्गाचा उपाय सरळ आहे: दुसरेपणाच काढून टाका.

पण त्याच पुरुषाची पुढची ओळ मला जास्त आवडते. भीती गेली तरी त्याला एकट्याला करमेना, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली! आमच्या संतांनी नेमकी हीच वाट धरली. त्यांना देव वेगळा हवाच होता, नाहीतर प्रेम कुणावर करणार, रुसणार कुणावर? अंतर पुसून टाकायच्या भानगडीत ते पडले नाहीत, त्या अंतरात त्यांनी नातं भरलं. विठ्ठलाला माउली म्हटलं. दुसरा आहे, पण तो आई आहे, मग भ्यायचं काय?

गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे, २६ गुणांची. त्यात पहिला शब्दच 'अभय'. दान, तप, सत्य सगळं नंतर.

---

शमा

निरंजन, यात बसऱ्याच्या राबियाची भर घालते. ८व्या शतकातली सूफी. तिच्या नावे सांगितली जाणारी दुआ अशी की नरकाच्या भीतीने मी तुझी इबादत करत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने करत असेन तर स्वर्ग मला बंद कर, आणि तुझ्यासाठीच करत असेन तर मात्र तुझं दर्शन नाकारू नकोस.

तर्कट यांच्या भाषेत, हप्ता बंद करणारी बाई.

---

तर्कट

राबिया आवडली. हे म्हणजे माझ्या बाजूची कुणीतरी निघाली म्हणायची.

पण मूळ अडचण तशीच आहे आणि ती कुणी बोलत नाहीये, म्हणून वाईटपणा घेतो. देव प्रेम करतो म्हणून भिऊ नका, ठीक. आणि उद्या जे व्हायचं तेच झालं तर? ज्यांची माणसं गेली त्यांच्यावर देवाचं प्रेम कमी होतं का? या प्रश्नाला बगल देऊन मिळालेला धीर मला तरी पोकळ वाटतो.

---

ओलावा

तर्कट, बगल देत नाही. सहा वर्षांपूर्वी माझी मुलगी गेली. नऊ वर्षांची होती. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती, रात्र रात्र. उंबरठा, तुमची यादी वाचताना माझे हात गार पडले, कारण माझीही होती.

तुम्ही ज्याला भिताय ते माझ्या घरात घडून गेलं. त्यानंतर दोन वर्षं मी देवाशी बोलले नाही. लोक यायचे आणि म्हणायचे की देवाची योजना, देवाला फुलं आवडतात. एका बाईंना मी दारातून परत पाठवलं.

मग कुणीतरी, नाव नाही सांगत, मला काही न बोलता बायबलातलं ८८वं स्तोत्र काढून दिलं. वाचलंय का कुणी? बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे. हे वळत नाही. सुरुवातीपासून ओरड, तू मला खाली ढकललंस, माझी माणसं तोडलीस, आणि संपतं ते अंधारावर. तिथेच थांबतं. मला आधी वाटलं पान गहाळ झालंय. उलटून पाहिलं, तर ८९वं सुरू.

त्या दिवशी मी बोलले. म्हणजे भांडले. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने. "तू कुठे होतास?" असं कितीतरी वेळा. उत्तर आलं नाही. पण हे जर पवित्र शास्त्रात ठेवलंय तर असं बोललेलं त्याला चालतं, एवढं कळलं. आणि ज्याच्याशी असं भांडता येतं तो परका नसतो.

माझी भीती गेली का? मुलगा आहे मला. त्याला यायला उशीर झाला की माझं आजही पाणी पाणी होतं. फरक एवढाच पडला की पूर्वी मी देवाला म्हणायचे, असं होऊ देऊ नकोस म्हणजे मी तुला मानीन. आता तसला व्यवहार उरलेला नाही. आता फक्त, मी घाबरलेय, असं सांगते.

देवाचं माझ्या मुलीवर प्रेम कमी होतं असं मला वाटत नाही. का गेली ते मला माहीत नाही. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून जगते. त्यांच्यामध्ये 'म्हणून' घालायचा प्रयत्न सोडून दिला.

---

तर्कट

ओलावा, माझ्या प्रश्नाला यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. पटलं असं म्हणणार नाही. पण मान खाली घालून वाचलं.

---

अडमिन

दोन प्रतिसाद उडवले आहेत. दुसऱ्याच्या दुःखावर उपाय म्हणून यंत्रं-ताईत विकायला हा धागा नाही.

---

जुनी_वही

ओलावा, तुझ्या शेवटच्या ओळीपुढे मी काही लिहू नये. पण उंबरठांसाठी दोन गोष्टी राहिल्या आहेत.

एक, गेथशेमाने, म्हणजे अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग. येशू स्वतः त्या रात्री अतिशय व्याकूळ होता, हे शुभवर्तमान लिहिणारा मार्क लपवत नाही. तो देवाला 'अब्बा' म्हणतो. घरात मूल बापाला हाक मारतं, तसली ती हाक. आणि म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर झाला नाही. म्हणजे ज्याच्याइतकं देवाचं प्रेम कुणाला कळलं नव्हतं असं आम्ही मानतो, त्यालाही भीतीतून जावं लागलं. तुम्ही रात्री अडीचला थरथरता तेव्हा फार वाईट संगतीत नाही आहात.

दुसरी, वादळातली नाव. शिष्य घाबरलेत, नावेत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला. ते त्याला उठवतात आणि काय विचारतात बघा. "आम्ही वाचू का?" असं नाही. आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, असं. भीतीच्या तळाशी हा प्रश्न असतो. रात्रपाळीच्या आजोबांचाही तोच होता.

मी हा भाग मुलांना शिकवायचे तेव्हा एक पोर म्हणालं, "बाई, तो झोपला होता म्हणजे त्याला भीती नव्हती. मग त्याच्या शेजारी झोपायचं ना!" तीस वर्षांत याहून चांगलं विवेचन ऐकलं नाही.

---

अनुस्वार

मावशी, मीही एक भर घालतो आणि मग गप्प बसतो. २३वं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, परमेश्वर माझा मेंढपाळ. पहिल्या तीन ओव्यांत देव 'तो' आहे. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्याजवळ नेतो. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेची दरी येते आणि व्याकरण बदलतं: "तू माझ्याबरोबर आहेस". कुरणात 'तो', दरीत 'तू'. मूळ हिब्रूतही हे असंच आहे.

दरी टळत नाही तिथेही. फक्त तृतीयपुरुषाचा द्वितीयपुरुष होतो.

मराठीत तर याला आणखी एक गंमत आहे. आपण वयाने, मानाने मोठ्यांना अहो-जाहो करतो, साहेबांना करतो, अनोळख्याला करतो. ज्यांना बिनदिक्कत अरे-तुरे करतो त्यात आई आहे, जिवलग मित्र आहे आणि देव आहे. देवाला "अहो देवा, आपण" म्हणणारा मला अजून भेटायचाय. भाषेने तरी त्याला साहेबांच्या रांगेत बसवलेलं नाही.

---

उंबरठा

तीन आठवड्यांनी येतोय. सगळे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. बायकोलाही वाचायला दिले. ती ओलावा यांच्या प्रतिसादापाशी थांबली आणि उठून बाल्कनीत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "तू एवढी यादी वाचत होतास? मला का नाही सांगितलंस?" मग बराच वेळ बोललो. गंमत म्हणजे आजाराबद्दल आम्ही अडीच वर्षांत एवढं बोललो नव्हतो. तीही घाबरलेली असते. फक्त मला त्रास नको म्हणून झोपल्याचं सोंग आणते.

रात्रपाळीताई, तज्ज्ञांकडे जाऊन आलो. दोनदा. तुम्ही म्हणालात तसंच, श्वास तपासायचा नाही असा गृहपाठ मिळालाय. पहिल्या रात्री हात स्वतःच्याच उशीखाली दाबून ठेवला होता, अक्षरशः. वाटत होतं मी तिला मारतोय. अकरा मिनिटं घड्याळ बघितलं, मग उतरलं. दुसऱ्या रात्री हरलो, बोट धरलंच. तिसऱ्या रात्री नाही धरलं. असं चाललंय.

पाळकांशीही बोललो शेवटी. ते म्हणाले की त्यांना विमानाची भीती वाटते. एवढ्यावर विषय संपला, पण मला हलकं वाटलं.

यादी बंद केलीय. आता एकच वाक्य म्हणायचं ठरवलंय आणि ते चुकलं तरी पुन्हा म्हणायचं नाही. परवा रात्री अडीचला जाग आली. हात आपोआप निघाला होता, तो मागे घेतला. छातीत ढोल वाजत होते. अंधारात, बहुतेक जरा मोठ्याने, म्हणालो, "आहेस ना?"

शेजारून आवाज आला, "आहे रे. झोप."

प्रश्न तिला नव्हता हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी पुढची तपासणी आहे. पोटात गोळा आहेच.

---

ओलावा

गुरुवारी तुम्हा दोघांची आठवण ठेवीन.

---

तर्कट

मी कुणाकडे काही मागत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण गुरुवारी संध्याकाळी हा धागा उघडून बसेन. आल्यावर आधी इथे एक ओळ टाका, मग जेवा.